हक्काचा कोळसा : खाणी संपल्या, देणे उरले

ब्रिटनच्या प्राप्तिकर कायद्यात ३०६ क्रमांकाचे एक कलम आहे. कायदा २००३ सालचा, म्हणजे तसा अलीकडचाच. खाणकामगाराला घरी जाळण्यासाठी मिळणारा कोळसा, किंवा त्या कोळशाऐवजी मिळणारी रोख रक्कम, त्याच्या करपात्र उत्पन्नात धरू नये, असे हे कलम सांगते. त्याच कायद्यातील ६४६ वे कलम हीच सूट माजी खाणकामगारांना देते.

आता दुसरी गोष्ट. ब्रिटनमधील शेवटची मोठी खोल कोळसा खाण, यॉर्कशरमधील केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी थंडावले. तरीही हजारो माजी खाणकामगारांना आणि त्यांच्या विधवांना सरकारी खर्चाने इंधन, नाहीतर इंधनभत्ता, आजही मिळतो. तो देणाऱ्या खात्याचे नाव आहे ‘ऊर्जा सुरक्षा आणि नेट झिरो विभाग’. कर्ब उत्सर्जन शून्यावर आणण्यासाठी स्थापन झालेले खाते कोळशाचा भत्ता वाटते!

मित्रहो, आजचा धागा या भत्त्याविषयी आहे. धागा लांबणार आहे, कारण हे प्रकरण दिसते तेवढे विनोदी नाही. वृत्तपत्रांत अशा योजनांचा उल्लेख बहुधा ‘सवलत’ म्हणून येतो आणि योजनेच्या अधिकृत इंग्रजी नावातही तोच शब्द आहे. सवलत म्हटले की देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याचे उपकृतपण ओघानेच येते. माझे म्हणणे असे आहे की हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. हा कोळसा मुळात मजुरीचा भाग होता, आणि आज सरकार जे देते ते थकलेल्या मजुरीचे हप्ते आहेत.

सुरुवात करू इंग्लंडच्या ईशान्य टोकापासून, डरॅम आणि नॉर्थम्बरलंड या परगण्यांपासून. एकोणिसाव्या शतकात इथला खाणकामगार मालकाशी वर्षाचा करार करी. या कराराला ‘बाँड’ म्हणत. अंगठा उठवला की वर्षभर दुसरीकडे जाण्याची सोय नाही. गेल्यास तुरुंगाची भीती. याच व्यवस्थेत कामगाराला राहायला मालकाचे घर आणि चुलीला मालकाचा कोळसा मिळे. घर, कोळसा आणि रोख पैसे मिळून एक मजुरी होत असे. रोखीचा दर ठरवताना घर आणि कोळसा आधीच हिशेबात धरलेला असे. म्हणजे कोळसा ‘वरून’ मिळत नव्हता; तेवढी रोख मजुरी कमी मिळत होती.

मालकाच्या दृष्टीने हा सौदा उत्तम होता. खाणीच्या तोंडाशी कोळशाची किंमत किती? तो बाजारात न्यायचा तर गाड्या, जहाजे, दलाल, जकात. कामगाराच्या दारात टाकलेल्या कोळशाला यातले काहीच लागत नसे. शिवाय ज्याचे घरही मालकाचे आणि चुलीतला विस्तवही मालकाचा, तो कामगार संपाचा विचार दहा वेळा करील, हा फायदा वेगळाच. १८४४ च्या ईशान्येकडील संपात मालकांनी कामगारांच्या कुटुंबांना घरांतून सामानासकट बाहेर काढले होते.

इथे कायद्याच्या इतिहासातली एक बारीक नोंद महत्त्वाची आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये अनेक कारखानदार मजुरी पैशात न देता मालात देत, किंवा आपल्याच दुकानातून खरेदीची सक्ती करीत. याला ‘ट्रक’ पद्धत म्हणत. १८३१ च्या ट्रक कायद्याने तिला बंदी केली : मजुरी नाण्यांतच द्यायची. परंतु कायद्याने काही अपवाद ठेवले. औषधोपचार, भाड्याने दिलेले घर, आणि खाणकामगारांच्या बाबतीत इंधन व हत्यारे. म्हणजे मालात मजुरी देणे हे शोषण आहे हे मान्य करणाऱ्या कायद्यानेच खाणकामगाराच्या कोळशासाठी दार उघडे ठेवले.

आपल्याकडे वस्तुरूप मोबदला म्हटला की बलुते आठवते. सुतार, लोहार, कुंभार, परीट यांना सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. तो मागून घ्यावा लागला तरी भीक नव्हती. त्याला हक्क हाच शब्द होता. पण त्या हक्काला पिढ्यान्‌पिढ्यांचे जातीचे ओझे जखडलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते याच कारणाने : जो वाटा हक्क म्हणून मिळतो तोच माणसाला गुलामगिरीत बांधून ठेवतो. इंग्रज खाणकामगाराची स्थिती बलुतेदारासारखी होती असे मला म्हणायचे नाही. जात हा घटक तिथे नव्हता, आणि त्यामुळे फार मोठा फरक पडतो. मात्र वस्तूत दिलेल्या मजुरीला दोन तोंडे असतात, एक बांधणारे आणि एक हक्क सांगणारे, एवढे ध्यानात ठेवू. पुढे ते उपयोगी पडेल.

आता खाणीतून वर येऊन घरात शिरू, कारण या कोळशाचा खरा इतिहास घरात आहे.

खाणकामगारांची वस्ती म्हणजे विटांच्या एकसारख्या घरांच्या लांबच लांब रांगा. स्वयंपाकघरात भिंतीत बसवलेली मोठी लोखंडी चूल. तिच्या एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला पाणी तापवण्याची टाकी. ही चूल उन्हाळ्यातही पेटती ठेवावी लागे. घरात बाप एका पाळीला, थोरला मुलगा दुसऱ्या पाळीला, घरी ठेवलेला भाडेकरू तिसऱ्या पाळीला. प्रत्येक जण काळाठिक्कर होऊन घरी येणार. प्रत्येकासाठी चुलीपुढच्या पत्र्याच्या घंगाळात गरम पाणी ओतायचे, घामाने आणि खाणीतल्या पाण्याने भिजलेले कपडे वाळवायचे, पुढच्या पाळीचा डबा भरायचा.

हे सारे करणारी बाई खाणीच्या हजेरीपटावर नव्हती. १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास बंदी झाली होती. त्या बंदीचे समर्थन मी करतोच. पण खाणीचे काम तिच्यामागे घरापर्यंत आले हेही खरे. खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे बांधण्यासाठी १९२६ च्या कायद्याने निधीची व्यवस्था केली, आणि ती सर्वदूर पोहोचायला पुढची अनेक वर्षे गेली. तोवर कामगार धुऊन-पुसून दुसऱ्या दिवशीच्या पाळीसाठी तयार करणे हा उत्पादनखर्च घरातली बाई आपल्या हातापायांनी सोसत होती. त्या कामाचा कच्चा माल म्हणजे हा कोळसा. म्हणून मला वाटते, घरी येणाऱ्या कोळशाची अर्धी मजुरी तिची होती. कागदावर मात्र ती नवऱ्याच्या नावे.

कोळसा यायचा तोही पाहण्याजोगा. पोत्यांत बांधून, नीट रचून नव्हे. गाडी मागल्या गल्लीत येई आणि ढीग ओतून निघून जाई. तो फावड्याने, घमेल्याने उचलून अंगणातल्या कोळशाच्या खोलीत भरायचा; पाऊस यायच्या आत, आणि गल्लीत कपडे वाळत घातले असतील तर शेजारणीच्या शिव्या खाण्याच्या आत. घरात धडधाकट माणूस नसेल तर शेजारची पोरे चार पैशांसाठी हे काम करीत. कोणाच्या दारात ढीग पडला आणि कोणाच्या नाही, यावरून कोण कामावर आहे, कोण आजारी आहे, कोणाचा माणूस गेला, हे सगळ्या गल्लीला कळे.

माणूस गेला तर? १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंगेनिथ येथील खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार मृत्युमुखी पडले. ब्रिटनच्या खाण-इतिहासातली ही सर्वांत भीषण दुर्घटना. अशा वेळी विधवेपुढे पहिला प्रश्न शोकाचा नसे, निवाऱ्याचा आणि विस्तवाचा असे. खाजगी मालकांच्या काळात घर आणि कोळसा दोन्ही कामाशी बांधलेले. काम करणारा संपला की मालकाच्या लेखी देणेही संपले. कुठे मालक कनवाळू, कुठे संघटना बळकट, म्हणून काही ठिकाणी विधवांना कोळसा मिळत राही. नियम असा नव्हता. निवृत्त कामगारांचीही तीच गत. म्हणूनच डरॅमच्या कामगारांनी १८९८ मध्ये वृद्ध खाणकामगारांसाठी घरे उभारण्याची स्वतःची संस्था काढली.

कोळसा मजुरीचा भाग आहे हे कामगाराला सर्वांत तीव्रतेने कधी जाणवे? तो बंद झाल्यावर. १९२६ मध्ये मालकांनी मजुरी कपातीसाठी खाणींना टाळे लावले. देशव्यापी सार्वत्रिक संप ३ मे ते १२ मे असा नऊ दिवस चालला आणि मागे घेतला गेला. खाणकामगार मात्र नोव्हेंबरपर्यंत एकटेच लढत राहिले. या सात महिन्यांत मजुरीबरोबर कोळसाही थांबला. मग कामगार आणि त्यांची मुले टाकाऊ दगडमातीच्या डोंगरांवर कोळशाचे तुकडे वेचू लागली. जमिनीलगत कोळशाचा थर सापडला तिथे खणू लागली. दहा वर्षांनी, १९३६ च्या हिवाळ्यात, जॉर्ज ऑर्वेल विगन भागात हिंडला तेव्हा बेकार कामगार खाणीचा कचरा वाहणाऱ्या चालत्या गाडीवर उड्या मारून कोळसा मिळवताना त्याने पाहिले. त्याच्या ‘द रोड टू विगन पिअर’ या पुस्तकात हा प्रसंग आला आहे. कायद्याने ही चोरी होती. आयुष्यभर ज्याने कोळसा खणला त्याने तो कचऱ्यातून उचलला तर चोर ठरतो, ही गोष्ट त्या पिढीच्या मनात खोल रुतली.

हे लक्षात घेतले म्हणजे १ जानेवारी १९४७ या तारखेचा अर्थ कळतो. त्या दिवशी ब्रिटनच्या कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. खाणी राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे आल्या. जनतेच्या वतीने आता हे मंडळ खाण चालवते, अशा पाट्या खाणीखाणींवर लागल्या. सुमारे सात लाख कामगार एका मालकाच्या हाताखाली आले. लगोलग तो कुप्रसिद्ध हिवाळा आला : बर्फाने वाहतूक गोठली, कोळसा वीजकेंद्रांपर्यंत पोहोचेना, फेब्रुवारीत वीज बंद ठेवावी लागली. सामान्य नागरिकाला घरगुती कोळसा मोजून मिळत होता, आणि हे नियंत्रण १९५८ पर्यंत टिकले.

राष्ट्रीयीकरणाने सवलतीचा कोळसा जन्माला घातला नाही. मंडळाला तो शेकडो खाणमालकांकडून वारसा म्हणून मिळाला, तोही गोंधळासकट. एका जिल्ह्यात फुकट, दुसऱ्यात अल्प किमतीत. कुठे घरटी, कुठे कामगारागणिक. कुठे विधवेला, कुठे नाही. मंडळ आणि कामगार संघटना यांनी पुढच्या दशकांत वाटाघाटी करून हे सारे हळूहळू राष्ट्रीय करारांत ओवले. निवृत्त कामगार आणि विधवा यांचा हक्क लेखी झाला. पूर्वी मालकाच्या मर्जीवर असलेली गोष्ट आता करारातले कलम झाली. माझ्या मते या साऱ्या कथेतला हा सर्वांत मोठा बदल, आणि त्याचे श्रेय संघटनांच्या चिकाटीला द्यावे लागते.

या काळात एक अनपेक्षित अडचण उभी राहिली : धूर. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके साचले. त्यात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा तेव्हाचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवा कायदा आला आणि नगरपालिकांना धूरबंदी क्षेत्रे घोषित करण्याचा अधिकार मिळाला. अपेक्षेप्रमाणे खाणींच्या प्रदेशांत ही क्षेत्रे फार सावकाश वाढली. घराघरांत साधा, धूर ओकणारा कोळसा मजुरीचा भाग म्हणून येत असताना तो जाळू नका असे सांगणार कोण? नगरसेवक स्वतः खाणकामगार, मतदार खाणकामगार. शेवटी तोडगा निघाला तो कराराच्याच वाटेने : साध्या कोळशाऐवजी धूररहित इंधन. पुढे ज्यांच्या घरी गॅसची किंवा विजेची उष्णता आली त्यांना कोळशाऐवजी रोख भत्ता. म्हणजे ढीग गेला, पण देणे राहिले. कोळसा ही वस्तू होती. तिच्यामागचा हक्क वस्तूपासून सुटा झाला.

मात्र हा हक्क कोणाचा, हा प्रश्न सुटला नव्हता. जुना नियम घरधन्याचा होता : जो कामगार स्वतंत्र घर चालवतो त्याला कोळसा. आईबापांकडे राहणाऱ्या अविवाहित तरुणाला बहुधा नाही. आणि खाणीवर नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे काय? कँटीनमध्ये रांधणाऱ्या, स्नानगृहे आणि कचेऱ्या झाडणाऱ्या स्त्रिया मंडळाच्या पगारपत्रकावर होत्या. पण जमिनीवर काम करणाऱ्या पुरुष कामगारांना मिळणारा प्रोत्साहन बोनस आणि सवलतीचा कोळसा त्यांना नव्हता. १९८० च्या दशकाच्या मध्यास १,२८६ स्त्रियांनी समान वेतनाचा दावा दाखल केला. वेगवेगळ्या खाणींवरच्या पुरुषांशी आमची तुलना होऊ शकते का, या प्राथमिक मुद्द्यावरच खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला, आणि १९९६ मध्ये तो मुद्दा स्त्रियांच्या बाजूने लागला. तोपर्यंत ज्या मंडळाविरुद्ध दावा होता त्याच्या खाणी विकूनही झाल्या होत्या.

मला या खटल्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. मंडळाचे म्हणणे खरे धरले तर कोळसा ही स्थानिक प्रथा, जागोजागची रीत. स्त्रियांचे म्हणणे : हा वेतनाचा भाग आहे, तेव्हा समान कामाला समान मिळाला पाहिजे. शंभर वर्षे पुरुषांच्या संघटना जे मालकांना सांगत आल्या तेच या स्त्रिया सांगत होत्या. ऐकणारा पक्ष मात्र आता सरकारी मंडळ होता.

१९८४–८५ चा संप या धाग्यात सविस्तर घेणार नाही. त्याला स्वतंत्र धागा लागेल. एवढेच नोंदवतो : मार्च १९८४ ते मार्च १९८५ या वर्षभरात संपावरच्या कामगारांचा कोळसा पुन्हा बंद झाला, आणि १९२६ ची दृश्ये रंगीत दूरचित्रवाणीच्या काळात पुन्हा दिसली. माणसे, बायका, मुले कोळसा वेचू लागली. नोव्हेंबर १९८४ मध्ये यॉर्कशरमधील गोल्डथॉर्प येथे घरच्या विस्तवासाठी कोळसा खणताना भराव कोसळून १५ आणि १४ वर्षांचे दोन सख्खे भाऊ गाडले गेले.

संप फसला. मंडळाचे नाव १९८७ मध्ये ‘ब्रिटिश कोल’ झाले. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने उरलेल्या ५० खाणींपैकी ३१ बंद करण्याची घोषणा केली; ३०,००० रोजगार जाणार होते. १९९४ मध्ये खाजगीकरणाचा कायदा आला आणि वर्षअखेर इंग्लंडमधील बहुतेक खाणी एका खाजगी कंपनीला विकल्या गेल्या.

इथे आपला मूळ प्रश्न टोकाला येतो. खाण विकता येते, यंत्रे विकता येतात, जमिनीखालचा कोळसाही विकता येतो. पण हजारो निवृत्तांना आणि विधवांना दरवर्षी द्यायचे इंधन कोण विकत घेणार? कोणीच नाही. खरेदीदाराला मालमत्ता हवी होती, देणी नव्हेत. म्हणून १९९४ च्या कायद्यात सवलतीच्या कोळशासाठी वेगळी तरतूद झाली आणि ब्रिटिश कोलच्या निवृत्तांची जबाबदारी थेट सरकारने घेतली. आजच्या ‘राष्ट्रीय सवलत-इंधन योजने’चा पाया तो. नव्या कंपनीकडे गेलेल्या कामगारांचे इंधन मात्र कंपनीच्या माथी राहिले.

कंपनी टिकली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. फेब्रुवारी २०१३ मध्ये वॉरिकशरमधील डॉ मिल या तिच्या मोठ्या खाणीत आग लागली. ती खाण बंद करावी लागली आणि कंपनीचा डोलारा कोसळला. दिवाळखोरीत कामगाराचे इंधन हे एक असुरक्षित येणे ठरते. बँकांच्या मागे, रांगेत शेवटी उभे. मग तेही देणे सरकारकडेच आले. मालक तीनदा बदलला : खाणमालक, राष्ट्रीय मंडळ, खाजगी कंपनी. तिघेही गेले. शेवटी ऋणको म्हणून राज्यसंस्था एकटी उरली, कारण ती दिवाळे काढून निघून जाऊ शकत नाही.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण ते पोकळ नाहीत. ही योजना उत्पन्नाची मर्यादा पाहत नाही. त्याच गल्लीत राहणारी, आयुष्यभर कापडगिरणीत राबलेली म्हातारी थंडीत कुडकुडते आणि शेजारच्या खाणकामगाराच्या घरी भत्ता येतो. हे न्याय्य कसे? शिवाय इंग्लंडमध्ये साध्या घरगुती कोळशाच्या पिशव्यांची विक्री मे २०२१ पासून आणि सुट्या कोळशाची मे २०२३ पासून बंद झाली. जे विकायला बंदी त्याच्या नावाने भत्ता चालू ठेवायचा, हे विसंगत नाही का?

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे, ते वर येऊन गेले : हक्क वस्तूपासून केव्हाच सुटा झाला आहे. पहिला आक्षेप अवघड आहे. हा भत्ता जर मदत असेल तर आक्षेप पूर्ण खरा. मदत गरज पाहून द्यावी. पण निवृत्तिवेतन देताना आपण गरज पाहतो का? नाही, कारण ते आधीच कमावलेले असते. गिरणीतल्या म्हातारीवर अन्याय झाला आहे, यात शंका नाही. तो दूर करायचा तर तिला द्यावे. शेजाऱ्याची कमावलेली मजुरी कापून तिची चूल पेटत नाही. प्राप्तिकर कायद्याची ती दोन कलमेही मला याच अर्थाने बोलकी वाटतात. करातून सूट द्यावी लागते ती उत्पन्नाला. कोळसा उत्पन्नात मोडतो, ही जाणीव त्या सुटीच्या पोटात आहे.

हे देणे फेडण्याची दुसरी रीतही आहे. पोलंडमध्ये निवृत्त खाणकामगारांना मिळणारा फुकट कोळसा अडचणीत आलेल्या सरकारी खाण कंपन्यांनी बंद केला, तेव्हा मोठा असंतोष झाला. २०१७ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून प्रत्येक हक्कदाराला, विधवांसह, एकरकमी १०,००० झ्लॉटी दिले आणि हिशेब मिटवला. हिशेबनिसाला ही रीत आवडेल. मला तितकीशी आवडत नाही. इंधनाची गरज दर हिवाळ्याला नव्याने येते, आणि ज्याचे आयुष्य लांबते त्याच्यावर एकरकमी सौदा उलटतो. पण पोलंडच्या कायद्यानेही भरपाईच दिली, देणगी नव्हे, हे ध्यानात घ्यावे. भरपाई हक्काची असते.

ब्रिटनच्या योजनेत नवे हक्कदार जवळजवळ येत नाहीत. कामगार गेल्यावर हक्क विधवेकडे किंवा विधुराकडे जातो, आणि तिथे संपतो. मुलांकडे जात नाही. बलुत्याप्रमाणे तो वंशपरंपरागत नाही, आणि ते बरेच आहे. १९९४ मध्ये जो ब्रिटिश कोलच्या पटावर विशीत होता तो आज पन्नाशीत आहे. त्याने दीर्घ आयुष्य काढले आणि त्याच्या मागे जोडीदार उरला, तर नेट झिरो विभागाला, किंवा तोवर त्याचे जे काही नाव झाले असेल त्या खात्याला, विसाव्या शतकातल्या एका खाणीचा हिशेब २०६० नंतरही ठेवावा लागेल. ज्या मागल्या गल्लीत गाडी ढीग ओतून जाई तिथे तेव्हा कोळशाची खोली उरलेली नसेल. वर्षातून ठरावीक दिवशी कुणा एका वृद्धेच्या बँक खात्यात थोडी रक्कम जमा होईल, आणि पासबुकातल्या त्या ओळीपुढे ‘इंधन’ असे लिहिलेले असेल.